पंखा बंद करा

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा घरात पहिलं काम मी केलं ते पंखा बंद करण्याचं.

मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद करणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. दिवसभर पारा 43 च्या पुढे. रात्री आठला भिंतीवर तळहात टेकवला तर तव्यावर टेकवल्यासारखं. खोलीत दहा-बारा माणसं, आई अण्णांच्या उशाशी, आणि मी उठून बटण बंद केलं. "काय करूलालाय रे? माणसं गुदमरतील की!" काका ओरडले. मी काही बोललो नाही. माठातल्या पाण्यात कापसाचे दोन बोळे भिजवले, पिळले, अण्णांच्या पापण्या बोटानं खाली ओढल्या आणि त्यांवर ठेवले. मानेखाली आणखी एक उशी सरकवली.

हे सगळं अण्णांनीच सांगून ठेवलं होतं, तेही एका वहीत लिहून. "पंखा बंद करा. पापण्या मिटा, वर ओला कापूस. डोके उंच. सहा तासांच्या आत फोन." आणि पुढे नेत्रपेढीचा नंबर, दोनदा लिहिलेला, एक निळ्या शाईत, एक लाल. पंखा का बंद करायचा, तर वाऱ्यानं बुबुळावरचा पडदा सुकतो. तो सुकला की डोळा कुणाच्या उपयोगाचा राहत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, जाड भिंगाचा चष्मा असला, वय 78 असलं तरी चालतं. हे मला वहीमुळेच कळलं. नाहीतर मीही इतरांसारखा म्हणालो असतो, या वयात आता काय घेणार त्यांचे डोळे.

नेत्रपेढीची माणसं आली, दार लोटून घेतलं आणि वीस मिनिटांत बाहेर आली. काकांनी आत जाऊन आधी अण्णांचा चेहरा पाहिला. काही फरक नव्हता. मग त्यांनी स्वतःच पंखा लावला.

अण्णा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादरीच्या कारखान्यात दिवाणजी होते. माग कधी चालवला नाही, पण सुताचा काउंट, म्हणजे सूत किती बारीक ते, बोटानं सांगायचे. आयुष्यभर लाल कापडी बांधणीच्या वह्यांत लोकांचं येणं-देणं लिहिलं. निवृत्तीनंतर अशी एक कोरी वही घरी आणली, आणि कधीतरी त्यातलं एक पान उघडलं. पानाच्या वर, जिथं एरवी पार्टीचं नाव टाकायचे, तिथं लिहिलं होतं: "खाते – स्वतः".

ही वही त्यांनी मला तीन वर्षांपूर्वी दाखवली होती. मी चिडलो होतो. "असलं काहीतरी अभद्र लिहू नका," म्हणून वही मिटून कपाटावर टाकली. तेव्हा ते नुसते हसले. आता वाटतं, त्या दिवशी दहा मिनिटं बसून वाचली असती तर दोन-तीन गोष्टी विचारून घेता आल्या असत्या.

वहीत काय नव्हतं? कुणाला आधी कळवायचं, कुणाला सकाळी कळवायचं ("त्याला बीपी आहे, रात्री नको"). विम्याची पावती कुठल्या डब्यात. बँकेत वारस म्हणून आईचं नाव लागलं आहे, खात्री केली. कारखान्यातल्या एका कामगाराचे 1,200 रुपये त्यांच्याकडे राहिलेत, ते त्याच्या मुलाला द्यावेत. "ताईला स्मशानात येऊ द्यावे. कुणी आडवे आल्यास माझे नाव सांगणे." तेराव्याला बुंदी नको, कुणी खात नाही, साधा शिरा करावा.

एक नोंद आडवी रेघ मारून खोडली होती. "देहदान – वैशंपायन कॉलेज. फॉर्म आणला." वैशंपायन म्हणजे आपलं सरकारी मेडिकल कॉलेज, सिव्हिल हॉस्पिटलला लागून असलेलं. 1963 पासूनचं. देहदानाची अडचण अशी की फॉर्म जिवंतपणी तुम्ही भरता, पण शेवटी देह नेऊन द्यायचा असतो तो घरच्यांनी. त्यांनी नाही म्हटलं की फॉर्म हा एक कागद. अण्णांना हे माहीत असणार, कारण खोडलेल्या नोंदीखाली बारीक अक्षरात होतं: "हिला विचारले. 'मग मी कशाकडे बघून रडू' म्हणाली. रद्द."

त्याखालची नोंद दाहिनीची. "लाकूड नको. 300 ते 400 किलो जळते. माझे वजन 52. हिशोब बसत नाही. दाहिनीत तास-दीड तासात काम होते." मला ते वाचून भर दुःखात हसू आलं. 52 किलोसाठी 400 किलोचा खर्च त्यांच्यासारख्या माणसाला पटणारच नव्हता.

आणि नेमकी तीच नोंद पुरी करता आली नाही. सकाळी फोन केला तर दाहिनी बंद. दुरुस्ती चालू आहे, दोन दिवस लागतील. दोन दिवस! बहीण रात्री अडीचला पुण्याहून गाडीनं पोचली होती, भाड्यानं आणलेली शीतपेटी बाहेरच्या खोलीत घरघरत होती, तिच्या काचेवर धुकं धरायचं आणि आई पदरानं ते पुसायची. पुन्हा धुकं, पुन्हा पदर. रात्रभर हेच चाललेलं. दोन दिवस थांबणं शक्य नव्हतं. काका म्हणाले, "बघ, त्याच्या नशिबात लाकूडच होतं." मी मान हलवली आणि बाभळीच्या लाकडाचे पैसे भरून पावती घेतली. ती पावती खिशात ठेवताना वाटलं, आयुष्यभर ज्यांनी एक रुपया इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्यांच्या खात्यात मी पहिलीच नोंद चुकीची टाकतोय.

हे बरेच दिवस टोचत राहिलं. अजूनही टोचतं, पण आता एवढं कळतं की वही लिहिण्याचा उपयोग नोंदी तंतोतंत पुऱ्या होण्यात नव्हता. माणूस जातो त्यानंतरच्या चार-सहा तासांत घरातली सगळ्यात खचलेली माणसं सगळ्यात जास्त निर्णय घेतात. लाकूड की दाहिनी, बायकांनी यायचं की नाही, गुरुजी कोण, अस्थी कुठं. आणि जो मोठ्यानं बोलतो त्याचं होतं. वही होती म्हणून आमच्याकडे त्या दिवशी मोठ्यानं कुणाला बोलता आलं नाही. ताई खांद्यापाशी आली तेव्हा एक चुलते पुढे झालेच. मी वही उघडून पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि स्वतः बाजूला होऊन तिला जागा दिली.

आमच्या चाळीत वाढलेल्या कुणालाही मरण एकाच पद्धतीचं असतं असं वाटणार नाही. पलीकडच्या दारात जंगम स्वामींचं घर. त्यांची आजी गेली तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. लिंगायत समाजात दहन नसतं, पुरतात, आणि बसवून पुरतात. आजीला कपाळभर भस्म लावलं, नवं लुगडं नेसवलं, हातावर इष्टलिंग ठेवलं, आणि फुलांनी सजवलेल्या डोलीसारख्या विमानात मांडी घालून बसवलं. मला वाटलं आजी कुणाच्या तरी लग्नाला निघाली. मी तिला हात केला. आईनं माझा हात खाली ओढला, पण स्वामीकाका रडता रडता म्हणाले, "करू दे की, टाटा करू दे." मागच्या खोलीत राहणाऱ्या शेखचाचांचा जनाजा गेला तेव्हा अण्णांनीही खांदा दिला होता, चौकापर्यंत. एकाला बसवून, एकाला निजवून, एकाला जाळून. चाळीच्या एकाच बोळातून सगळे गेले.

आणि या गावाचं आणखी एक आहे. गड्ड्याच्या जत्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, संक्रांतीच्या सुमारास नंदीध्वजांच्या साक्षीनं अक्षता पडतात. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं. बाराबंदी घातलेले हजारो लोक, तोंडावर हसू. दुसऱ्या दिवशी होम मैदानावर त्याच कुंभारकन्येच्या प्रतिमेला शालू-मंगळसूत्र घालून अग्नी देतात. आदल्या दिवशी अक्षता, दुसऱ्या दिवशी सरण, आणि मग पोरं पाळण्यात बसायला गड्ड्यावर. लहानपणी यात काही विचित्र आहे असं कधी वाटलं नाही. सोलापूरकराला असं हे दरवर्षी दाखवलं जातं, तरी घरातलं माणूस गेलं की आम्हीही इतरांएवढेच गांगरतो.

अंत्यविधीच्या सामानाच्या दुकानात गेलो तेव्हा दुकानदारानं वर न बघता विचारलं, "बुवा का बाई?" मी म्हणालो, "वडील." त्यानं वर पाहिलं. मग आवाज खाली आणून तो एकेक वस्तू काढत गेला. दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, सुतळीचा गुंडा, कोरं कापड, मडकं, गुलाल, बुक्का, कापूर, राळ, तीळ, चंदनाचं खांडूक. "तूप घरचं आहे का? असलं तर घरचं वापरा." मडकं त्यानं बोटानं वाजवून दिलं. फुटण्यासाठीच न्यायचं मडकं वाजवून का देतो, असं मनात आलं. पण मीही ते हातात घेऊन वाजवून पाहिलंच.

तिरडी बांधायला चाळीतली जुनी माणसं आली होती. त्यातले एक मागावर चाळीस वर्षं काढलेले. कामट्यांवरून सुतळी फिरवताना त्यांचा हात असा चालला की मी बघत राहिलो. प्रत्येक कामटीला दोन वेढे, एक गाठ, अंगठ्यानं दाब, पुढची. गाठी सगळ्या खालच्या अंगाला. "वरून गाठ टोचत्यात," ते म्हणाले. अण्णांना आता काय टोचणार होतं! पण कुणी हसलं नाही, आणि पुढच्यानंही गाठ खालीच घेतली.

आंघोळ घालताना मी पाठ चोळली. त्यांच्या पाठीवर एवढे तीळ आहेत हे मला पन्नास वर्षांत माहीत नव्हतं.

2021 च्या दुसऱ्या लाटेत माझा मावसभाऊ गेला. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, लांबून दाखवलेला. नंतर मडक्यावर कागदाची पट्टी चिकटवून अस्थी हातात आल्या. मावशी त्याच्या जाण्याबद्दल फारसं बोलत नाही. एकच वाक्य पुन्हा पुन्हा येतं, "त्याला आंघोळ घातली नाही." भय्या चौकातल्या कोटणीस स्मारकापुढून जाताना हल्ली मला मावशी आठवते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले. वडील वारल्याचं त्यांना तिकडेच कळलं, ते परतले नाहीत. 9 डिसेंबर 1942 ला ते स्वतःही तिकडेच वारले, तिथंच त्यांना पुरलं. मुलाचा बापाला खांदा नाही, आणि घरच्यांना मुलाची मूठभर राख नाही. शाळेत आम्हाला त्यांचा त्याग शिकवला. त्या घरानं दहावा कुणाला समोर ठेवून केला असेल, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही, मलाही पडला नाही.

कर्मकांडावर माझा फारसा विश्वास नाही, कधीच नव्हता. पण पाठ चोळायला मिळाली, हे मावशीपेक्षा माझं जास्तीचं आहे, एवढं मी मान्य करतो.

दहाव्याला कावळा शिवेना. पिंड मांडून अर्धा तास झाला. काकांनी हात जोडून वचनं द्यायला सुरुवात केली: वहिनीला काही कमी पडू देणार नाही, नातीचं शिक्षण पुरं करू, गावाकडची जमीन विकणार नाही. कावळे लिंबाच्या झाडावर बसून ऐकत होते. तेवढ्यात मागं कुणाच्या तरी मोटारसायकलनं कुणाची तरी गाडी अडवली म्हणून बाचाबाची सुरू झाली, सगळे तिकडे वळले. परत बघतो तर पिंडाचा कोपरा फुटलेला. माझ्या भावाचा सहा वर्षांचा मुलगा म्हणाला, "आला होता. एकच. घेतलं आणि गेला." गुरुजी म्हणाले शिवला, चला. काकांना अजून शंका आहे की ते कुत्रं असावं.

कागदपत्रांचं थोडक्यात. घरी मरण आलं तर ओळखीच्या डॉक्टरनं तपासून मृत्यूचं कारण लिहून द्यावं लागतं, ते आणि स्मशानातली पावती जपून ठेवावी. 1969 च्या कायद्यानुसार नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, पुढं उशीर वाढला की परवानग्या वाढतात. दाखल्याच्या दहा तरी प्रती काढाव्यात. आणि नाव आधार कार्डावरचं जसं आहे तसंच, काना-मात्रेसह, खिडकीवर उभं राहून वाचून घ्यावं. आमच्या दाखल्यावर अण्णांच्या वडिलांचं नाव चुकलं, आणि ती वेलांटी सुधारायला मी सात हेलपाटे घातले. खिडकीवरच्या बाईंनी सहाव्या खेपेला विचारलं, "वडील आहेत का तुमचे?" मी म्हणालो, "हो." मग आम्ही दोघेही जरा गप्प झालो.

लोक भेटायला येत. "सुटले बिचारे," म्हणत. अण्णा आजारी नव्हते, संध्याकाळी चहा पिऊन बसले होते, त्यांना कशातून सुटायचं होतं कुणास ठाऊक. "वय झालं होतं," हे दुसरं. 78 हे वय फक्त दुसऱ्याच्या वडिलांचं झालेलं असतं. बरं वाटलं ते कमी बोलणाऱ्यांचं. सुतकात आमच्याकडे चूल पेटत नव्हती. शेखचाचांची सून रोज सकाळी दाराशी डबा ठेवून जायची. पहिल्या दिवशी पिठलं-भाकरी, दुसऱ्या दिवशी खिचडी. दार वाजवायची नाही. डबा ठेवायची आणि कडीला रुमाल बांधायची, म्हणजे डबा आलाय हे कळावं.

मी रडलो नव्हतो. ताई रडली, बायको रडली, काका तर स्मशानात ओक्साबोक्शी. मी सामान, पावत्या, फोन. तीन आठवड्यांनी एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "अण्णांचा चष्मा तयार झालाय. चार-पाच फोन केले, उचलत नाहीत." अण्णांनी जायच्या आठवड्यात डोळे तपासून नवा चष्मा टाकला होता, हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. मी गेलो, उरलेले 650 रुपये दिले. दुकानदारानं काच कापडानं पुसली, दांड्या उघडून मिटून दाखवल्या आणि म्हणाला, "जवळचा नंबर वाढलाय. वाचताना पहिले चार दिवस जड जाईल, त्यांना सांगा." मी "सांगतो" म्हणालो. बाहेर येऊन स्कूटरला किल्ली लावता येईना. शेजारच्या रसवंतीवाल्यानं मला स्टुलावर बसवलं, रसाचा ग्लास पुढं केला आणि चरकाला लागला. मी किती वेळ बसलो होतो माहीत नाही. त्यानं पैसे घेतले नाहीत.

आता जरा मागं जातो, सावडण्याच्या दुसऱ्या दिवसाकडे. वहीत एक ओळ रिकामी होती. "अस्थी –" आणि पुढं काही नाही. विसरले म्हणावं तर अण्णा असं काही विसरणारे नव्हते. ताईचं म्हणणं पंढरपूर. काका म्हणाले नाशिक. आई तीन दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलली, "कुडल." आणि वर, "मी येणार." सुतकात बाईनं बाहेर कसं पडायचं, असं कुणी म्हणायच्या आत ती चपला घालून बसली होती.

हत्तरसंग कुडलला भीमा आणि सीना मिळतात. पंढरपूरच्या चंद्रभागेतलं पाणी खाली वाहत तिथं येतं, त्यामुळे ताईचंही समाधान झालं. मे महिन्यातली भीमा. वरून उजनी धरणातून पाणी सोडलं तर सोडलं, नाहीतर वाळू. आम्हाला पोटरीएवढं पाणी मिळायला बरंच आत चालावं लागलं. मी मडकं तिरकं केलं. राख लगेच वाहून गेली नाही, पाण्यावर करडा पापुद्रा धरून पायांभोवती घुटमळली. आईनं वाकून हातानं पाणी ढकललं, एकदा, दोनदा. मग गेली.

परतताना आई म्हणाली, देऊळ बघू. लग्नानंतर पहिल्या वर्षी अण्णांनी तिला इथं आणलं होतं म्हणे, हे आम्हाला नवीनच. संगमेश्वराच्या देवळात शके 940, म्हणजे इ.स. 1018 चा लेख आहे, मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी. सोलापूरचेच आनंद कुंभार यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. "वाछि तो विजेया होइवा." जो वाचील तो विजयी होईल. अण्णांना हे तोंडपाठ होतं. पाहुण्यांना चहाबरोबर ऐकवायचे.

आईचं शिक्षण दुसरीपर्यंत. रोज सकाळी चहाच्या वेळी अण्णा पेपर मोठ्यानं वाचायचे आणि ती भाकरी थापता थापता ऐकायची. भाव, निधनवार्ता, उजनीची पातळी. ती तुळईकडे मान वर करून बराच वेळ बघत उभी राहिली. अक्षरं झिजलेली, आत अंधार. मी अर्थ सांगितला.

"वाचंल त्याचं कळलं," ती म्हणाली. "ज्याला वाचून दाखवत्यात, त्याचं काय लिहिलंय?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी तुळईकडे पाहिलं.

"चला," आई म्हणाली, "ऊन वाढलंय."